तळघरातला उजेड

आमच्या सोलापुरात वैशाख हा दोन गोष्टींचा महिना मानला जातो : उन्हाचा आणि गणवेशांचा. पारा ४२-४३ अंशांवर चढलेला असतो आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी गणवेशांचे गठ्ठे पोहोचते करायचे असतात. गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. परंतु शिवणयंत्रांचा आवाज या दिवसांत गल्लोगल्ली ऐकू येतो. आमच्या घरात तो आवाज जमिनीखालून येत असे. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात लहानथोर सगळेच ‘जिजी’ म्हणतात, गेली तीस-एकतीस वर्षे तळघरात बसून शिवत आल्या आहेत.

घर जुने, काळ्या दगडाच्या उंच जोत्याचे. त्या जोत्याच्या पोटात हे तळघर आहे. नऊ पायऱ्या उतरून खाली जायचे. रस्त्याच्या बाजूला गज बसवलेले दोन झरोके. पूर्वी तेथे धान्याची पोती आणि दुकानातल्या कापडाच्या गासड्या ठेवीत. वरच्या मजल्यावर पत्रे असल्यामुळे उन्हाळ्यात दुपारी तेथे पाऊल ठेववत नाही. तळघर मात्र दगडी भिंतींमुळे गार राहते. म्हणून जिजींनी आपले पायाचे यंत्र खाली मांडले, आणि ते तिथेच राहिले. आम्ही सारे जण त्या खोलीला ‘खाली’ एवढेच म्हणत असू. ‘जिजी कुठे आहेत?’ ‘खाली.’ खोलीला नाव द्यावे, असे कोणालाच कधी वाटले नाही.

गेल्या वर्षी वैशाखात एका शाळेची चार डझन पिनाफोरची मागणी आली होती. कापड गडद हिरवे, बाटलीच्या रंगाचे. जिजींनी आठ दिवस खपून काम पुरे केले. तिसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. वरची दर्शनी टीप हिरव्याऐवजी गडद निळ्या दोऱ्याची होती. चारही डझन तशीच! उन्हात धरताच ती निळी रेघ लहान मुलालाही दिसली असती. जिजी ओट्यावर उभ्या राहून कितीतरी वेळ त्या कापडाकडे पाहत होत्या. कोणावर रागावल्या नाहीत, कारण सांगितले नाही. गठ्ठा उचलून खाली गेल्या आणि पुढचे तीन दिवस ब्लेडने एकेक टाका उसवून नव्याने टीप घातली. माल वेळेत गेला. त्या रात्री जेवणाचे ताट बाजूला सारताना मात्र त्या म्हणाल्या, “यंदा झालं ते झालं. आता यंत्र कुणाला तरी देऊन टाका. माझ्या हातून काम बिघडायला लागलं.”

घरातल्या प्रत्येकाला यात काळजी दिसली आणि थोडी सुटकाही. “किती दिवस राबणार? आता आराम करा,” असे आम्ही सगळेच म्हणालो. मीही म्हणाले. परंतु दुसऱ्या दिवसापासून जिजी दुपारी माजघरात नुसत्या बसून राहू लागल्या. हात मांडीवर, नजर दारावर. ते बसणे आरामाचे नव्हते, हे कळायला मला चार-पाच दिवस लागले.

एके दुपारी मी एकटीच खाली गेले. यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. माझे वय बेचाळीस, डोळे चांगले. तरी दोनदा दोरा हुकला. वर पाहिले, तर माझ्या पाठीमागे चाळीस वॅटचा एक पिवळा दिवा लोंबत होता आणि माझ्याच डोक्याची सावली सुईवर पडली होती. हिरव्या आणि निळ्या दोऱ्याची रिळे मी शेजारी शेजारी धरली. दोन्ही काळपट दिसत होती.

आम्ही कापडाचे व्यापारी. नव्या पेठेतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईकाने रंग विचारला, की ताग्याचे टोक धरून आम्ही त्याला दारापर्यंत नेतो आणि सांगतो, “उजेडात पाहून घ्या.” एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात, हे आमच्या नोकरालाही ठाऊक असते. दुकानातल्या दिव्यांसाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही माणूस बोलावून हिशेब करवला होता. त्याच घरात एक बाई तीस वर्षे चाळीस वॅटच्या दिव्याखाली रंग जुळवीत होती, आणि तो हिशेब कोणाच्या मनातही आला नव्हता. चूक जिजींच्या हाताची नव्हती, हे मला तेथे उमगले. यंत्र द्यायचे नाही, खोली सुधारायची, असे मी ठरवले.

उत्साहाच्या भरात मी पहिली चूक केली. खोली आधी ‘सुंदर’ करायला निघाले. फुलाफुलांचा वॉलपेपर आणला, खाली लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा गालिचा अंथरला. पंधरा दिवस खोली खरोखर चित्रासारखी दिसली. जिजी पाहून हसल्या, पण बसल्या नाहीत. पाऊस लागला आणि श्रावणापर्यंत कागदाला फुगे आले. एक कोपरा उचलून पाहिला, तर मागे बुरशी आणि तिच्यावर वळवळणारी कसर! आपल्या घरांत अशा वेळी औषध मारून मोकळे होता येत नाही. जिजींनी पदर खोचला, मऊ पुंजणी घेतली आणि एकेक जीव अलगद सुपात घेऊन परसातल्या ओल्या सावलीत नेऊन सोडला. संपूर्ण दुपार गेली. मला त्या एकच वाक्य बोलल्या, “जीव वाचवायचे ते नंतर नव्हे गं, त्यांना यायला जागाच ठेवायची नाही.”

त्या वाक्याने कामाचा क्रम बदलला. आधी कोरडेपणा, मग उजेड, मग हाताशी येणारी मांडणी, आणि शोभा सर्वांत शेवटी.

ओल कोठून येते, हे शोधण्याची एक सोपी रीत आहे. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. पाण्याचे थेंब तुकड्याच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, जमले तर ओल भिंतीतून येते; बाहेरच्या बाजूस जमले तर खोलीतली दमट हवा गार पृष्ठभागावर निवते आहे. आम्ही दोन भिंतींवर तुकडे लावले. रस्त्याकडच्या भिंतीवर थेंब आत होते, मधल्या भिंतीवर बाहेर. म्हणजे रोग दोन, आणि उपायही दोन. रस्त्याकडे पाहिले तेव्हा छपराच्या पन्हळीचे सारे पाणी नेमके जोत्यालगत पडत होते. ती पन्हळ नळी जोडून गटारापर्यंत नेली आणि जोत्यालगतच्या फरशीला बाहेरच्या बाजूस उतार दिला. दमट हवेसाठी एका झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. दुसरा झरोका हवा आत येण्यासाठी मोकळा ठेवून त्यावर बारीक जाळी आणि पावसाचे शिंतोडे अडवणारी पत्र्याची झड लावली.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर तैलरंग द्यावा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. परंतु म्हाताऱ्या गवंड्याने मान हलवली. “जुनी भित्त चुन्याची हाय. वरनं सिमिट लावलं की पाणी आत कोंडतं आन् दुसरीकडनं फुटतं.” त्याचे म्हणणे खरे होते. चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट आणि तैलरंग तो अडकवून ठेवतात. दसऱ्यानंतर जुना पोपडलेला थर खरवडून चुन्याचा गिलावा केला. तो वाळायला बरेच आठवडे लागले. त्यावर चिमूटभर नीळ घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले. चुन्याची पांढरी भिंत उजेड परतवते. तळघरासाठी याहून मोठी शोभा नाही.

मध्यंतरी जिजींच्या डोळ्यांचे निदान झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच प्रकाश पोहोचतो. त्यातही निळा रंग सर्वांत आधी मंदावतो. भाद्रपदात एका डोळ्याची आणि महिन्याभराने दुसऱ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर जिजींनी माझी साडी हातात धरली आणि म्हणाल्या, “ही निळी आहे? मी तर इतके दिवस काळीच समजत होते.”

मग उजेडाचे काम. चाळीस वॅटचा जुना दिवा काढला आणि वीस-वीस वॅटच्या दोन एलईडी नळ्या बसवल्या. वीज तेवढीच खर्च होते, प्रकाश मात्र सुमारे दहापट मिळतो. व्यापारी माणसाला हा सौदा पटवून द्यावा लागत नाही! नळी घेताना दुकानदाराकडे ‘सीआरआय’ हा आकडा आवर्जून विचारावा. तो १०० च्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात. शिवणकामासाठी तो ९० च्या पुढे असावा. एक नळी कापणीच्या मेजावर आणि दुसरी यंत्राच्या वर, पण किंचित पुढे लावली, म्हणजे बसणाऱ्याची सावली कामावर पडत नाही. शिवाय यंत्राच्या डावीकडे वाकवता येणारा एक लहान दिवा ठेवला. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून आणि पुढून हवा. नाहीतर स्वतःचाच हात आड येतो. जिना उतरण्यापूर्वीच दिवा लागावा आणि खाली पोहोचल्यावर विझवताही यावा, म्हणून वर आणि खाली अशी दोन्हीकडे बटणे दिली. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी रंगवली आणि भिंतीला लाकडी कठडा ठोकला. विजेचे सॉकेट जमिनीपासून कमरेइतके वर घेतले आणि जमिनीच्या ओलीचा धोका लक्षात घेऊन, गळती होताच वीज तोडणारे ‘आरसीसीबी’ बसवले.

मांडणी जिजींनी स्वतः सांगितली आणि ती सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. त्या आजवर जमिनीवर पसरून कापड बेतीत असत. गुडघे त्यामुळेच गेले. दुकानाच्या माळ्यावर आजेसासऱ्यांच्या वेळचा सागवानी फळा धूळ खात पडला होता. त्याच्या कडेला वारावारावर पितळी खिळे ठोकलेले आहेत. त्यांवरच पूर्वी कापड मोजून दिले जाई. तो खाली आणून पायांखाली ठोकळे दिले. उंची किती? जिजींना उभे केले, हात कोपरात दुमडायला सांगितला आणि कोपरापासून चार बोटे खाली खूण केली. ती तेहेतीस इंच भरली. बाजारातले तयार मेज छत्तीस इंचांचे होते. जिजींच्या खांद्यांना ते जाचले असते. प्रत्येकीने आपले कोपर मोजावे, दुसरीचे मेज पाहून घेऊ नये.

कपाटे भिंतीला टेकवली नाहीत. मागे दोन बोटे हवा खेळायला जागा सोडली आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर घेतली. कापडात डांबराच्या गोळ्यांऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवला. दोऱ्यांची रिळे रंगांच्या क्रमाने काचेच्या दाराआड लावली. प्रत्येक खणावर जिजींच्या अक्षरात रंगाचे नाव चिकटवले. टाचण्यांसाठी लोहचुंबकाची वाटी आली. यंत्राचा चामड्याचा पट्टा जिजींनी फार पूर्वीच काढून टाकला होता. त्या जागी नवा रबरी पट्टा चढवला आणि यंत्राला तेलपाणी केले. मोटर बसवू का, असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पायाच्या यंत्राला मी थांब म्हटलं की थांबतं. मोटरला माझं ऐकू यायचं नाही.” मोटर बसवली नाही.

कपाटे रिकामी करताना मला एक वही सापडली. वर ‘श्री’ लिहिलेली, कडा झिजलेली. डावीकडे तारीख, नग आणि दर; उजवीकडे त्या पैशाचे काय झाले ते. ‘शर्ट ४०, दर अडीच रुपये.’ पुढे ‘मुलाची फी’. ‘चड्ड्या ६०’, पुढे ‘दुकानाचे भाडे’. अशी भाड्याची नोंद एका वर्षात सात वेळा. ती वर्षे मी ऐकून होते. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आमचे गिऱ्हाईक गिरणी कामगारांचे, आणि त्यांच्याकडची उधारी बुडाली होती. मामंजींनी दुकान कसे तारले, ही कथा आमच्या घरात सणासुदीला सांगितली जाते.

मी वही यजमानांना दाखवली. त्यांनी काही न बोलता दुकानातून त्या वर्षांचे जुने रोजमेळ आणवले. तारखा जुळत होत्या. मामंजींच्या सुंदर मोडी वळणाच्या अक्षरात त्या सातही ठिकाणी एवढेच लिहिले होते : ‘घरून जमा.’ कोणाकडून, ते नाही. मामंजी प्रामाणिक गृहस्थ होते. एक पैसाही त्यांनी लपवला नाही. फक्त ते नाव लिहावे, असे त्यांना सुचले नाही. तसे आम्हालाही इतकी वर्षे कुठे सुचले होते? आपण व्यापारी माणसे म्हणतो, की वहीत नाही ते व्यवहारात नाही. मग जिजींची तीस वर्षे कोठे होती?

दिवाळीत वहीपूजन झाले, तेव्हा तळघराच्या भिंती अजून ओल्याच होत्या. पूजा आटोपल्यावर यजमानांनी नव्या खतावणीचे एक पान उघडले आणि वर जिजींचे पूर्ण नाव लिहून ‘शिवण खाते’ असे घातले. मग ती वही त्यांच्यासमोर धरली. आम्हाला वाटले, त्यांचे डोळे भरून येतील. जिजींनी नव्या डोळ्यांनी नाव नीट वाचले, काना-मात्रा तपासली आणि म्हणाल्या, “मग दोऱ्याचे आणि तेलाचे पैसेही माझ्या नावे टाक. नुसती जमा बाजू लिहून खातं होत नाही.”

सगळे काम संक्रांतीला पुरे झाले. पन्हळ, गिलावा, दिवे, वायरिंग, कठडा आणि सुतारकाम धरून अडतीस हजार रुपये लागले. वॉलपेपर आणि गालिच्यावर फुकट गेलेले सहा हजार मी वेगळे मोजते. ती माझी शिकवणीची फी. शोभेसाठी अखेर विशेष काही आणावेच लागले नाही. निरनिराळ्या शाळांच्या गणवेशांच्या उरलेल्या चिंध्या जिजींनी जपून ठेवल्या होत्या. त्यांची एक गोधडी त्यांनीच शिवली आणि पांढऱ्या भिंतीवर टांगली. निळे, खाकी, मरून, हिरवे चौकोन. येणारा प्रत्येक जण त्यात आपल्या शाळेचा रंग शोधतो.

यंदाच्या वैशाखात जिजी पुन्हा खाली बसल्या. आता दिवसाला चार तासच, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. शेजारच्या दोन मुली शिकायला येतात. दुसरे यंत्र त्यांच्यासाठी घेतले आहे. त्यांना पहिला धडा मिळाला तो दोऱ्याचा. रीळ आणि कापड हातात धरून झरोक्यापाशी जायचे, उन्हात जुळवायचे आणि मगच सुईत ओवायचे. गेल्या वर्षीच्या त्या निळ्या टिपेची हकीकत जिजी त्यांना स्वतःच सांगतात, काही न लपवता. काम बिघडते, हे त्या मान्य करतात. आता मात्र त्यामुळे यंत्र देऊन टाकण्याची भाषा करीत नाहीत.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या घरांतही अशी एखादी जागा असेल. तळघर असेल, जिन्याखालची खोली असेल, माळा असेल. तेथे कोणी पापड लाटत असेल, कोणी शिवत असेल, कोणी दुकानाची बिले लिहीत असेल. तिथे काय सुधारावे, हे कोणाला विचारण्यापूर्वी एका दुपारी स्वतः पंधरा मिनिटे त्यांच्या जागेवर बसून पाहावे. सुई घ्यावी आणि दोरा ओवून पाहावा. तो ओवता आला नाही, तर दोष तिथे रोज बसणाऱ्याच्या हाताला देऊ नये. आधी दिवा बदलावा, आणि जमल्यास त्याच संध्याकाळी वहीतले एक कोरे पान उघडावे.